स्ट्राड लक्षात का राहिला? एका खलनायकाच्या निमित्ताने साधनांचं वाचन

"खलनायक लक्षात का राहतो?" हा प्रश्न साहित्याचा वाटतो, पण तो इतिहासाचाही आहे. आज त्यासाठी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचं उदाहरण घेऊ. या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो, एक जण (डन्जन मास्टर) उरलेलं सगळं जग आणि शत्रू चालवतो, आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत छापला गेला आणि तिथून हा प्रकार पसरला.

आता दोन दस्तऐवज शेजारी ठेवा. पहिला, १९७७ चं 'मॉन्स्टर मॅन्युअल'. त्यात रक्तपिपासू व्हँपायरची नोंद आहे: ताकद किती, कशाने मरतो, एका वेळी किती भेटू शकतात. ही नोंद एका जातीची आहे, जणू प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली. दुसरा, १९८३ चं ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याचं 'रेव्हनलॉफ्ट' हे साहस. इथला व्हँपायर म्हणजे काउंट स्ट्राड. त्याला नाव आहे, किल्ला आहे आणि भूतकाळ आहे. भावाच्या वाग्दत्त वधूवर, तातियानावर त्याचं मन बसतं. लग्नाच्या दिवशीच तो भावाला मारतो, आणि ती किल्ल्यावरून उडी घेते. त्याला काय हवंय हे खेळाच्या सुरुवातीला पत्ते काढून ठरतं, म्हणजे दर खेपेला त्याचा डाव वेगळा. तो शेवटच्या खोलीत वाट बघत बसत नाही, मनात येईल तेव्हा येऊन गाठतो. शिवाय किल्ल्यात त्याची रोजनिशी सापडते. खलनायकाची बाजू त्याच्याच शब्दांत!

ट्रेसी हिकमन सांगतात की एका खेळात अंधाऱ्या तळघरात अचानक व्हँपायर समोर आला आणि त्यांना प्रश्न पडला, हा इथे करतोय काय? त्या प्रश्नातून स्ट्राड जन्मला. म्हणजे खलनायक ताकदीच्या आकड्याने घडत नाही, "हा इथे का?" याच्या उत्तराने घडतो. मराठीत तर 'खलनायक' या शब्दातच नायक बसलाय. त्यालाही स्वतःची गोष्ट लागते.

इथवर पटलं ना? आता जरा थांबा. संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथे तीन शंका काढायला हव्यात.

एक, जन्मकथा ही निर्मात्याने मागाहून सांगितलेली आठवण आहे. ती खोटी आहे असं नाही, पण आठवण आणि छापील पुस्तक ही दोन वेगळी साधनं आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात मांडू नका.

दोन, "आधी सपाट राक्षस, मग खोल खलनायक" ही सरळ रेषा मोहात पाडते. पण मॅन्युअल हा कोश आहे आणि रेव्हनलॉफ्ट हे कथानक. दोघांचं काम वेगळं, त्यामुळे तुलना जपून करा. त्यात १९७६ च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुस्तिकेतला वेक्ना आडवा येतो. तिथे त्याचा फक्त एक हात आणि एक डोळा आहे, जादूच्या वस्तू म्हणून. तो स्वतः नाहीच. तरीही नाव टिकलं, आणि १९९० मध्ये त्याच्या नावाचं स्वतंत्र साहस निघालं. म्हणजे न सांगितलेली गोष्टसुद्धा खलनायक घडवते.

तीन, आणि ही सगळ्यात अवघड. पुस्तक म्हणजे प्रयोगाची कृती. प्रत्यक्ष प्रयोग टेबलावर बोलण्यात झाला आणि हवेत विरला. कोणत्या टेबलावर स्ट्राड भीतीदायक ठरला आणि कुठे हास्यास्पद, हे छापील पानावरून कळत नाही. "पुस्तकात असं आहे" आणि "लोक असं खेळले" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यासाठी खेळाडूंच्या वह्या, त्या काळच्या मासिकांतली वाचकांची पत्रं, मुलाखती शोधाव्या लागतात.

आता तुमच्या विषयातलं एखादं हस्तपुस्तक किंवा नियमावली घ्या आणि हीच तीन कलमं लावून बघा. प्रस्तावात निष्कर्ष लिहिण्याआधी प्रत्येक विधानासमोर लिहा: हे कोणत्या प्रकारच्या साधनावरून म्हणतोय? जिथे उत्तर सुचणार नाही, तिथे अजून शोधायचं बाकी आहे असं समजा.