गुडघ्यावरून उठवलेली माणसं

अमेरिकेतल्या काळ्यांचं नाव निघालं की आपल्या पोरांना ब्लॅक पँथर आठवतात. आठवणारच. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांच्यावरनं नाव घेऊन. ब्लॅक पँथर १९६६ ची. तिच्या दीडशे वर्षं आधी, १८१६ साली, काळ्यांनी गोऱ्यांच्या ताब्याबाहेरचा आपला धर्मपंथ उभा केला. तो कुणा पदवीधर पाद्र्यानं बांधला नाही. गुलाम म्हणून जन्मलेल्या आणि चर्चमध्ये बिनपगारी राबलेल्या माणसानं बांधला. रिचर्ड ॲलन त्याचं नाव.

ॲलन १७६० साली जन्मला तो मालकाची मालमत्ता म्हणून. मालक कर्जात बुडाला आणि त्यानं ॲलनची आई आणि तीन भावंडं विकली. सतराव्या वर्षी पोरगा मेथॉडिस्टांच्या सभेला जाऊ लागला. शेजारी मालकाला म्हणायचे, धर्मानं गुलाम बिघडतात. म्हणून ॲलन आणि त्याचा भाऊ आधी शेतातलं काम उरकायचे, मगच सभेला जायचे. पुढं मालकानंच एका प्रचारकाचं भाषण ऐकलं. गुलाम बाळगणारा देवाच्या तराजूत हलका भरतो, हे त्याच्या काळजाला लागलं. तरी त्यानं फुकट सोडलं नाही बरं का! किंमत लावली २००० डॉलर. ॲलननं लाकडं फोडली, वीटभट्टीवर राबला, मिठाची गाडी हाकली आणि स्वतःला विकत घेतलं. गाडी थांबेल तिथं तो प्रवचन करी. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं.

१७८६ साली तो फिलाडेल्फियाला आला. सेंट जॉर्ज चर्चनं त्याला प्रवचनाची वेळ दिली पहाटे पाचची. गोऱ्यांची झोप मोडू नये अशी वेळ! ॲलन मात्र दिवसातनं अनेकदा बोलायचा. गल्लीत, मैदानात, काळी माणसं भेटतील तिथं. बेचाळीस माणसं जमली. १७८७ साली त्यानं आणि ॲब्सलम जोन्सनं फ्री आफ्रिकन सोसायटी काढली. वर्गणी गोळा करायची आणि विधवांना, आजाऱ्यांना द्यायची.

सेंट जॉर्जमध्ये गर्दी वाढली तशी काळ्यांना भिंतीकडेला सारलं. पुढं नवी गॅलरी बांधली. तिला काळ्यांनीही पैसा दिला, घाम दिला. आणि एका रविवारी प्रार्थना चालू असताना तिथल्या कारभाऱ्यानं गुडघ्यावर बसलेल्या जोन्सला ओढून उठवलं. ही जागा तुझी नाही म्हणून. जोन्स म्हणाला, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. थांबले नाहीत. प्रार्थना संपली आणि सगळे काळे एका गटानं बाहेर पडले. परंपरा याचं साल १७८७ सांगते. गॅलरीच्या बांधकामाचे कागद तपासून संशोधक ते १७९२ च्या सुमाराचं धरतात. साल कुठलंही असो, आपल्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. १९३० साली नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं उभी होती.

१७९३ साली शहरात पिवळ्या तापाची साथ आली. पन्नासेक हजारांच्या वस्तीत पाचेक हजार मेली. काळ्यांना हा ताप होत नाही असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांना मदतीला बोलावलं. ते खोटं निघालं, काळेही मेले. ॲलन स्वतः आजारी पडला. तरी ज्यांनी गुडघ्यावरून उठवलं त्यांच्या घरातली मढी यांनीच उचलली. साथ सरली आणि एका गोऱ्या प्रकाशकानं छापलं, काळ्यांनी लुटलं. ॲलन-जोन्स गप्प बसले नाहीत. १७९४ साली त्यांनी पुस्तिका काढली, त्यात जमा-खर्च मांडला. खर्च जमेपेक्षा जास्त!

त्याच वर्षी ॲलननं एक जुनं लोहारकामाचं दुकान विकत घेतलं, आपल्या घोड्यांनी ओढत आणलं आणि बेथेल चर्च सुरू झालं. १७९९ साली त्याला डीकनची दीक्षा मिळाली. म्हंजे काम आधी, अधिकार वीसेक वर्षांनी. बेथेलच्या मालकीवर गोऱ्या मेथॉडिस्टांनी हक्क सांगितला, तेव्हा तो कोर्टात गेला आणि १८१६ साली जिंकला. त्याच वर्षी आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं आणि ॲलन त्याचा पहिला बिशप झाला. पोटासाठी तो धुराडी साफ करी, जोडे करी. १८३१ साली तो मेला.

पण इतिहास पुरता सांगायचा. जरीना ली या बाईनं त्याच्याकडे प्रवचनाची परवानगी मागितली, तर यानं नाही म्हटलं. बाईला तसा नियम नाही म्हणे! १८१९ साली बेथेलमध्ये बोलणारा पुरुष मध्येच अडखळला. जरीना उभी राहिली आणि बोलली. मग ॲलननं तिचा अधिकार मानला. ज्याला पहाटे पाचची वेळ मिळाली होती, त्यालाही दुसऱ्याला वेळ द्यायला आठ वर्षं लागली.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना. त्या लढ्यातला हा आधीचा माणूस.

दोस्तांनो, त्याचा देव आपण मानत नाही. मानायची गरजही नाही. पण त्याची रीत बघा. फुकटचं काम त्यानं कमी मानलं नाही, आणि त्या कामावर दुसऱ्याची मालकीही चालू दिली नाही. हिशेब लिहिला, छापला, जागेसाठी कोर्टात भांडला. आपल्या विहारात सतरंजी कोण घालतं, जयंतीची वर्गणी दारोदार कोण मागतं, रात्रीच्या वर्गात पोरांना कोण शिकवतं? त्यांची नावं कमिटीत आहेत का? त्यांत बाया किती? पुढच्या मीटिंगला हे विचारा.