सारवण, सोवळे आणि साबण

दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एक ठरावीक मजकूर येतो. लिंबाच्या सालीने नळ कसे चकचकीत करावेत, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांनी मोरी कशी स्वच्छ करावी, कडुनिंबाचा पाला कपाटात कसा ठेवावा, जुन्या साडीच्या काठाचे तोरण कसे शिवावे, इत्यादी. मथळ्यात 'नैसर्गिक' हा शब्द असतो आणि 'गृहिणींसाठी' हाही असतो. साहित्याचे विद्यार्थी हे पान उलटून पुढे जातात. आमच्या मते ते थांबून वाचण्याजोगे आहे. या 'सोप्या कल्पनां'ना मोठा इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग दप्तरखान्यांपेक्षा मराठी साहित्यात अधिक सापडतो. तो वाचताना एक भेद मात्र सतत लक्षात ठेवावा लागतो. मराठीत 'स्वच्छ' आणि 'शुद्ध' हे शब्द इतके शेजारी राहतात की ते एकाच घरातले वाटावेत. पण त्यांचे व्यवहार निरनिराळे आहेत.

आरंभ जमिनीपासून करू. मातीची भुई चोपून घट्ट केली तरी वावरण्याने तिची धूळ होते. शेणातील न पचलेला बारीक चोथा मातीचे कण धरून ठेवतो, भेगा बुजवतो आणि वाळल्यावर पातळ साय धरावी तसा थर तयार होतो. सारवणाचे हे साधे तंत्र आहे. शेण ताजे हवे, पाण्याचे प्रमाण हाताला कळायला हवे, आणि पोतेरे मागे मागे सरकत असे फिरवायला हवे की सारवणाऱ्या बाईचे पाऊल ओल्यात पडू नये. बोटांच्या कमानी एकाच वळणाच्या उमटल्या की सारवण चांगले, अशी जाणत्या बायकांची परीक्षा असे. हे काम थोड्या दिवसांनी पुन्हा करावे लागे, सणावाराला तर हमखास. वर भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या. पावसाळा संपला की उखणलेली भुई नव्याने करायची. हे सारे ओणवे किंवा उकिडवे बसून. या श्रमांचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

सामग्रीचे शहाणपण मात्र नाकारता येणार नाही. लाकडाच्या राखेत क्षार असतो. तो खरकट्या भांड्याच्या तेलकटपणावर काम करतो, आणि राखेचे बारीक कण नारळाच्या शेंडीबरोबर घासणीचे काम करतात. देशावर चिंच आणि कोकणात आमसूल यांनी तांब्यापितळेची भांडी उजळतात, कारण त्यांतील आम्ल धातूवर चढलेली काळपट पुटे विरघळवते. रिठ्याच्या सालीत फेस आणणारे द्रव्य असते आणि ते सौम्य असते. म्हणून पैठणी, शालू आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात धूत. कळीचा चुना पाण्यात विरवला की तो तीव्र क्षार होतो, भिंतीवरचे जंतू मारतो, आणि पुढे हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकू नये म्हणून कथील आणि नवसागर वापरून कल्हई करीत. कल्हईवाल्याचा भाता आणि त्याभोवती जमणारी मुले हे दृश्य पोलादी भांड्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपवले.

या तुलनेत आजच्या पुरवणीतील सोडा आणि व्हिनेगर यांचे मिश्रण काहीसे विनोदी आहे. एक क्षार, दुसरे आम्ल. दोन्ही एकत्र येताच एकमेकांचा जोर मोडतात. फसफसून फेस येतो, पाहणाऱ्याचे समाधान होते, आणि मागे बरेचसे निरुपद्रवी खारट पाणी उरते. वेगवेगळे वापरले असते तर दोघांनीही काही काम केले असते. आजीने राख आणि चिंच एकाच वाटीत कालवली नसती. अर्थात आजीचे सारेच बरोबर होते असेही मानण्याचे कारण नाही. शेण नैसर्गिक आहे आणि धनुर्वाताचे जंतूही नैसर्गिकच आहेत. नवजात बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या चालीने किती घरांत सुतक आणले असेल, हे आठवले की 'नैसर्गिक' या शब्दाची मोहिनी जरा उतरते.

आता 'शुद्ध'कडे वळू. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) आपण आत्मचरित्र म्हणून शिकवतो. घरसफाईच्या इतिहासाचे साधन म्हणूनही ती वाचावीत, असे आम्ही सुचवू. आरंभीच्या प्रकरणांत लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. बाजारातून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही असा त्यांचा दंडक. मीठ धुतले तर काय उरते, हे घरातल्या बायकांना रोज दिसत होते. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, आणि त्या हसण्याखाली थकलेली माणसे दिसतात. मळ काढणे हा या धुण्याचा हेतूच नव्हता. मिठाला मळ नव्हता, त्याला बाहेरचा हात लागला होता. ज्या हाताचा विटाळ मानायचा तो हात कोणाचा, हा प्रश्न या घरात कोणी विचारीत नाही.

त्याचे उत्तर दुसऱ्या टोकाकडून, बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये, मिळते. मोळी विकायला आलेल्या महार बायकांना वरच्या आळीतील घरमालकीण दुरूनच बजावते की लाकडाला केस किंवा चिंधीचा धागा चिकटलेला नाही ना, ते नीट पाहून मगच मोळी रचा. नाहीतर घर बाटेल. लाकूड वाहून आणणारी बाई दमलेली आहे, उपाशी आहे, आणि आपल्याच अंगावरचा एखादा केस शोधत काड्या चाळते आहे. याच लाकडाची चुलीत राख होणार आणि त्याच राखेने देवाची उपकरणीही घासली जाणार. पुरवणीतल्या 'राखेने भांडी लख्ख करा' या ओळीमागे ही बाई उभी आहे, असे वाचताना आम्हांला वाटत राहते.

केरसुणीचेही तसेच. शिंदीच्या पानांची केरसुणी वळणे हा परंपरेने मातंग समाजाचा व्यवसाय. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात. वस्तू लक्ष्मी झाली. ती वळणारे हात मात्र गावकुसाबाहेर राहिले. आमच्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी केरसुणीच्या पूजेवर जेवढे प्रेमाने लिहिले, तेवढे तिच्या कारागिराविषयी लिहिलेले आढळत नाही. या सौंदर्यदृष्टीला एक सोयीस्कर आंधळेपणा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शुद्धीचा हा व्यवहार घराच्या उंबऱ्यातच थांबला असता तर तो केवळ सामाजिक चालीरीतींचा विषय राहिला असता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारासह तळ्यात ओतून. ज्या पाण्यात गुरेढोरे उतरत होती ते पाणी माणसाच्या ओंजळीने अशुद्ध झाले आणि शेणाने शुद्ध झाले. घरसफाईची सामग्री इथे जशीच्या तशी आहे, स्वच्छतेचा मात्र मागमूस नाही. 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' यांतील अंतर समजावून देण्यासाठी वर्गात यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

या दोन कल्पनांची आणखी एक गाठ पडली ती प्लेगात. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली, १८९७ च्या आरंभी ती पुण्यात पसरली. रँडच्या अधिकाराखाली गोरे शिपाई घरोघर शिरले. रोगी इस्पितळात, त्याचे नातलग छावणीत, त्याच्या चिंध्या-चादरी आगीत. भुई खणली गेली, भिंतींना चुना फासला गेला, कोनाड्या-कोनाड्यांतून कार्बोलिकचा उग्र वास भरला. चुना घराला नवा नव्हता. दरसाल लागतच होता. पण तो कोणी लावायचा, कोणत्या पायांनी देवघरात आणि स्वयंपाकघरात यायचे, यांवर लोकांचा क्षोभ उसळला. त्या क्षोभात शिपायांच्या दांडगाईबद्दलचा न्याय्य संताप होता आणि विटाळाचे भयही होते. राष्ट्रीय इतिहासाने पहिल्याची नोंद ठळक केली, दुसरे पुसट केले. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. विटाळाचे भय बाजूला ठेवून रोग्याला हात लावणारी माणसे याच शहरात होती.

सजावटीकडे आलो की सूर थोडा बदलतो, आणि बदलावाही. सडासंमार्जन आणि रंगमाळिका हे शब्द महानुभावांच्या गद्यात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'लीळाचरित्रा'च्या परिसरात, भेटतात. म्हणजे अंगण झाडून, सडा घालून त्यावर रेखाटणे हे मराठी गद्याच्या वयाएवढे तरी जुने आहे. देशावर शिरगोळ्याची पूड, कोकणात भाताच्या तुसाची पांढरी राख. चैत्रात चैत्रांगण, त्यात गौरीचा पाळणा, सूर्य-चंद्र, शंख, गोपद्म, कासव. उंबऱ्याला गेरू, दाराला आंब्याचे टाळे. पैसा जवळजवळ नाहीच. लागते ते हाताचे वळण आणि पहाटेचा वेळ. ही कला संध्याकाळपर्यंत पायांखाली पुसली जायची असते. तिला सही नाही.

सहीचा प्रश्न वारली चित्रांनी पुढे आणला. ठाणे-पालघरच्या भागात लग्नाच्या वेळी गेरू किंवा शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे होते. १९७० च्या दशकात हे चित्र कागदावर आणि कापडावर आले, तेव्हा ज्याचे नाव देशोदेशी गेले तो चित्रकार पुरुष होता: जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री २०११, निधन २०१८). म्हसे यांची रेषा अस्सल होती आणि त्यांचा गौरव यथायोग्यच होता. तरीही भिंतीवरून कागदावर येताना चित्राला नाव मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवाशिणी निनावी राहिल्या, हे नोंदवले पाहिजे. आज तीच चित्रे शहरी दिवाणखान्यात चहाच्या कपांवर 'एथ्निक' सजावट म्हणून येतात.

साबणाचा प्रवेश हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, म्हणून थोडक्यात. विलायतेत बनलेला सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १९५९ मध्ये सर्फ आला, १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी स्वस्त निरमा काढला आणि धुण्याच्या दगडावरचा रिठा, सोडा, खार दिसेनासा झाला. शहाबादी फरशीने सारवण संपवले, मोझेकने शहाबादीला मागे टाकले. नव्या फरशीला फिनेल आले, आणि फिनेलाच्या वासालाच लोक स्वच्छता म्हणू लागले. आता त्याच दुकानांतून 'कडुनिंबयुक्त', 'लिंबाच्या शक्तीचे' असे द्रव बाटलीतून मिळतात. अंगणातला पाला विकत घेण्याची ही रीत बाजाराला साधली, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

श्रम मात्र कोणत्याही बाटलीत मावले नाहीत. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर झाडलोट करतो, केर भरतो, दळू लागतो. याचे विवेचन आपण भक्तीच्या अंगाने करतो, ते योग्यच. पण दासीला हाताखाली दुसरे माणूस हवे होते आणि ते मिळण्यासारखे नव्हते, हा साधा अर्थही त्यात आहे. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) खराटा हातात घेऊन गावे झाडली, रात्री कीर्तनातून लोकांना झाडले, आणि ते संत झाले; ते थोर होतेच. पुरुषाने रस्ता झाडला की समाज थबकून पाहतो. घर झाडणाऱ्या बाईकडे कोणी थबकून पाहिल्याचे आठवत नाही.

मध्यमवर्गीय स्त्री नोकरीसाठी बाहेर पडली तेव्हा तिची केरसुणी घरातल्या पुरुषाकडे फारशी गेली नाही, ती दुसऱ्या बाईकडे गेली. पुण्यात १९८० मध्ये या बायकांनी संप केला. पगारवाढ, रजा, माणुसकीची वागणूक अशा त्यांच्या मागण्या होत्या, आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला पुढे २००८ साल उजाडले. कायद्यात त्यांना 'घरेलू कामगार' म्हटले आहे. दारात उभे राहून दर ठरवताना अजून 'केर-फरशी इतके, धुणी-भांडी इतके' असेच बोलणे होते, आणि कित्येक घरांत तिचा चहाचा कप आजही मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला असतो. राखेने नाही, लिंबाच्या सुगंधाच्या द्रवाने तिनेच घासून.