बेल, सातवीण आणि सागरगोटा : डॉ. असीमा चटर्जी यांची विद्यापीठीय कारकीर्द

इतिहासाच्या पुस्तकांत बजबजचे नाव बहुधा दोन प्रसंगी येते. १८९७ साली पाश्चात्त्य देशांचा दौरा आटोपून परतणारे स्वामी विवेकानंद येथेच बोटीतून उतरले आणि खास गाडीने सियालदहला गेले. १९१४ साली कोमागाता मारू जहाजावरील प्रवाशांवर येथेच गोळीबार झाला. हे दोन्ही प्रसंग आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु आपण ज्या सियालदह लोकलने नित्य कलकत्त्याला जातो, तिच्या अखेरच्या स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राजाबाजारचे विज्ञान महाविद्यालय आहे. तेथे एका स्त्रीने तीन दशके बेलाची साल, सर्पगंधेची मुळे आणि सातविणीची साल यांच्यावर काम केले. ते काम आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मी तो विषय निवडला, त्याला एक कारण आहे. पालकसभेत मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असा असतो : ‘‘बाई, मातृभाषेतून शिकलेल्या मुलीला पुढे विज्ञान झेपेल का?’’ या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

डॉ. असीमा चटर्जी यांना कोणी जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणतात. काटेकोरपणे पाहिल्यास त्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अभ्यासक. वनस्पतीने आपल्या पेशींत घडविलेले रेणू शोधून त्यांची रचना उलगडणे हे त्यांचे क्षेत्र. आपल्या परिचयाच्या जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणजे कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला होता. संचालक सर सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्यांनी आग्रह धरला, तेव्हा एक वर्ष परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर तो मिळाला. पुढे केंब्रिजची पीएच. डी., मुंबईच्या विज्ञान संस्थेतील प्राध्यापकपद आणि नीरेवरील संशोधन हा त्यांचा प्रवास मराठी वाचकांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. असीमाबाईंची वाट त्याच पिढीतली, पण कलकत्त्याच्या मातीतली.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ रोजी कलकत्त्यात झाला. वडील इंद्रनारायण मुखर्जी डॉक्टर होते आणि त्यांना वनस्पतिशास्त्राचा नाद होता. औषधी वनस्पतींची गोडी मुलीला त्यांच्याकडूनच लागली. शिक्षण बेथून शाळेत. पुढे स्कॉटिश चर्च महाविद्यालयातून रसायनशास्त्र विषय घेऊन त्या १९३६ साली पदवीधर झाल्या, १९३८ साली कलकत्ता विद्यापीठाची एम. एस्सी. आणि १९४४ साली डी. एस्सी. भारतीय विद्यापीठाकडून विज्ञानातील ही सर्वोच्च पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या छायेत वाढलेली ही पिढी. प्रयोगशाळेत राबणे हे देशकार्यच आहे, असे मानण्याची तेथे रीत होती.

डी. एस्सी. होण्यापूर्वीच, १९४० साली, लेडी ब्रेबोर्न महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभाग उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. १९४७ साली त्या अमेरिकेला गेल्या, त्या वर्षही पुरते न झालेल्या मुलीला बरोबर घेऊन. विस्कॉन्सिन विद्यापीठ, मग कॅलिफोर्नियात त्सेखमाइस्टर यांची प्रयोगशाळा, त्यानंतर झुरिक येथे नोबेल पारितोषिक विजेते पॉल कारर यांच्याकडे काम, असा तीन वर्षांचा प्रवास करून १९५० साली त्या परतल्या. तिकडेच राहण्याचा मोह होण्याजोगे दिवस होते. १९५४ साली त्या कलकत्ता विद्यापीठात प्रपाठक झाल्या आणि १९६२ साली रसायनशास्त्राच्या खैरा प्राध्यापक. त्या पदावर त्या वीस वर्षे राहिल्या.

वनस्पतीवर संशोधन करणे म्हणजे नेमके काय, हे येथे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या घरांत काढा उकळणे आणि संशोधन करणे यांत हल्ली फारसा फरक केला जात नाही. साल वाळवावयाची, कुटावयाची, पेट्रोलियम ईथर किंवा अल्कोहोलात दिवसचे दिवस भिजवावयाची, गाळून द्रावक उडवून टाकावयाचा. जो चिकट अर्क उरतो, तो अनेक पदार्थांचे मिश्रण असतो. ते ॲल्युमिनाच्या स्तंभातून थेंबाथेंबाने उतरवून एकेक पदार्थ निराळा करावयाचा आणि एखाद्याचे स्फटिक झाले की तो शुद्ध आहे का, हे त्याच्या वितळबिंदूवरून ठरवावयाचे. किलोंनी साल घ्यावी तेव्हा ग्रॅमभर पदार्थ हाती येतो. खरे काम त्यानंतरचे : या रेणूत कार्बन किती, नायट्रोजन कोठे, कोणते वलय कोणास जोडलेले? आज यंत्रे हे काही तासांत दाखवितात. त्या काळी रेणू रासायनिक क्रियांनी तोडून, तुकडे ओळखून, मूळ आकृती मनात पुन्हा जुळवावी लागे. कलकत्त्यातील प्रयोगशाळांत द्रावके आणि रसायने अपुरी, अनुदान तुटपुंजे. पदार्थांचे विश्लेषण करून घेण्यासाठी नमुने परदेशी पाठवावे लागत.

या रीतीने त्यांनी प्रथम हात घातला तो बेलाला. ज्या वृक्षाची पाने आपण सोमवारी शंकराला वाहतो, त्याच्या सालीतून निघालेल्या मार्मेसिन या पदार्थाच्या रचनेवरील त्यांचा निबंध १९४९ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी बेलाच्या पानांतील एजेलिनची रचना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कूमारिन वर्गातील पदार्थ आणि इंडोल अल्कलॉइड हे त्यांचे दोन आवडते प्रांत. आयुष्यभरात सुमारे चारशे शोधनिबंध त्यांच्या नावावर जमा झाले.

अल्कलॉइडांच्या प्रांतात सर्पगंधेचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्यात कलकत्ता, दिल्ली, मुंबई अशी तिन्ही शहरे गुंतलेली आहेत. १९३१ साली दिल्लीत सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने सर्पगंधेच्या मुळांतून अजमलीन वेगळे केले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळांनी रक्तदाब उतरतो आणि क्षुब्ध मन शांत होते, असे नोंदविले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तेव्हा कोठे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष इकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पिन काढले आणि ते औषध म्हणून जगभर गेले. मूळ आपले, निरीक्षण आपले आणि औषध मात्र त्यांचे. असीमाबाईंनी याच कुळातील राउवोल्फिया कॅनेसेन्स हाती घेऊन तिच्यातील राउवोल्सिनची त्रिमितीय घडण उकलण्याचे काम केले. ते अत्यंत कठीण रसायनशास्त्र होते. १९६१ साली भटनागर पारितोषिक मिळाले, तेव्हा कोणत्याही शाखेत ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. रसायनशास्त्रात हा मान दुसऱ्या स्त्रीस मिळावयास २००९ साल उजाडावे लागले, डॉ. चारुसीता चक्रवर्ती यांच्या रूपाने. मधली अठ्ठेचाळीस वर्षे कोणाच्या लेखी रिकामी गेली, हा प्रश्न मुलींच्या शिक्षणासाठी धडपडणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारावा असा आहे.

येथे एक दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते. सदाफुलीपासून कर्करोगावरील औषध असीमाबाईंनी शोधले, असे विधान हल्ली सर्रास केले जाते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतही ते येते. सदाफुलीच्या अल्कलॉइडांवर त्यांनी महत्त्वाचे काम केले हे खरे, परंतु व्हिन्ब्लास्टिन हे औषध १९५८ साली कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेगळे केले. असीमाबाईंची कीर्ती उसन्या श्रेयाने वाढावी अशी तिची गरज नाही.

त्यांच्या नावाशी ज्या दोन औषधांचा संबंध जोडला जातो, त्यांतील घटक पाहिले तर आपल्यातील कोणालाही आपल्या आजीची बटवी आठवेल. अपस्मारावरील आयुष-५६ मध्ये जटामांसी आहे आणि आपल्या तळ्यांच्या काठी उगवणारी, चार पाकळ्यांसारख्या पानांची शुषनी आहे. बंगाली घरांत ती भाजी म्हणून खातात आणि तिने झोप चांगली लागते असे सांगतात. हिवतापावरील आयुष-६४ मध्ये कुटकी, काडेचिराईत, सातवीण आणि सागरगोटा. सातविणीला येथे छातिम म्हणतात. शांतिनिकेतनात पदवीदानप्रसंगी तिची पाने देण्याची प्रथा आहे. सागरगोट्यांविषयी मराठी मुलींना काय सांगावे! पाच सागरगोटे उडवून झेलण्यात आमच्या पिढीच्या दुपारच्या दुपारी गेल्या. त्या राखाडी, टणक बियांत तापावरील गुण असल्याचे वैद्य सांगत आले होते. तो गुण पारखून घेण्याचे काम प्रयोगशाळेचे.

आयुष-६४ चा पुढचा इतिहास अभिमानाने आणि सावधपणे, दोन्ही रीतींनी सांगावा लागतो. २००० साली भारतीय संशोधकांनीच प्रसिद्ध केलेल्या तौलनिक चाचणीत साध्या हिवतापावर ते क्लोरोक्विनपेक्षा बरेच उणे ठरले. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने सौम्य कोविडसाठी त्याची शिफारस केली आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. काही जण त्या चाचणीचा उल्लेख टाळतात, आपल्या परंपरेला उणेपणा येईल म्हणून. मला तसे वाटत नाही. ज्या बाईंनी प्रत्येक स्फटिकाचा वितळबिंदू तपासून पाहिला, त्यांच्या कामाचा इतिहास लिहिताना न पटणारा निष्कर्ष वगळणे हा त्यांचाच अवमान होईल.

१९६७ साली वडील आणि पती डॉ. वरदानंद चटर्जी हे दोघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले. त्या स्वतः गंभीर आजारी पडल्या. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा प्रयोगशाळेत आल्या. १९७२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विशेष साहाय्याने नैसर्गिक पदार्थांच्या रसायनशास्त्राचा कार्यक्रम त्यांच्या विभागात सुरू झाला. सॉल्ट लेक येथे आयुर्वेदीय औषधांच्या संशोधनाची संस्था आणि तिला जोडून रुग्णालय उभे राहावे, यासाठी त्या झटल्या. १९७५ साली पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री झाल्या. १९८२ ते १९९० या काळात त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येते. असीमाबाईंचे चरित्र मातृभाषेतील शिक्षणाचा पुरावा म्हणून पुढे करावे, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या विद्यार्थिदशेत उच्च विज्ञान इंग्रजीतूनच शिकविले जाई आणि त्यांचे निबंधही इंग्रजीतच आहेत. परंतु त्यांच्या ग्रंथसूचीत चारशे शोधनिबंधांच्या शेजारी एक लहानसे पुस्तक आहे : ‘सरल माध्यमिक रसायन’. शाळेतील मुलांसाठी, बंगाली भाषेत. ते प्रसिद्ध केले बंगीय विज्ञान परिषदेने. सत्येंद्रनाथ बोस यांनी विज्ञान बंगालीतून लोकांपर्यंत नेण्यासाठी ही संस्था १९४८ साली स्थापन केली. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली, तिच्यामागेही हीच कळकळ होती. कार्बनच्या वलयांची आणि रेणूंच्या त्रिमितीय घडणीची भाषा बोलणाऱ्या विदुषीला संयुजा, आम्ल आणि क्षार या गोष्टी नववी-दहावीच्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेत समजावून सांगणे कमीपणाचे वाटले नाही.

मराठीतून शिकलेल्या मुलीला विज्ञान झेपेल का, याला माझे उत्तर असे : आशय घरच्या भाषेत पक्का झाला असेल, तर इंग्रजी संज्ञांचा डोंगर एक-दोन वर्षांत ओलांडता येतो, आणि तो ओलांडण्यास मदत करणे हे आमचे, शिक्षकांचे, काम आहे. आशयच कच्चा राहिला, तर कोणतेही माध्यम तारत नाही. ही मदत आपली शाळा नेहमी पुरेशी करते का, याची चर्चा माजी विद्यार्थ्यांनी आमच्याशी मोकळेपणाने करावी.

सत्येंद्रनाथांच्याच आग्रहावरून असीमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले होते : ‘भारतेर वनौषधि’ या सहा खंडांच्या बंगाली ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचे संपादन. त्याच विषयावर, आपले विद्यार्थी डॉ. सत्येशचंद्र पाकडाशी यांच्यासह, त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींचा सहा खंडांचा इंग्रजी कोशही सिद्ध केला. १९९१ पासून त्याचे खंड एकामागून एक निघत गेले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. वनस्पतीचे नाव, तिची ओळख, पारंपरिक उपयोग, आणि मग त्यातून प्रत्यक्ष काय सिद्ध झाले आहे, अशी त्यातील नोंदींची रीत आहे. २२ नोव्हेंबर २००६ रोजी वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्या निवर्तल्या. राजाबाजारच्या त्या इमारतीत आजही रसायनशास्त्र शिकविले जाते, आणि सियालदह स्थानकातून उत्तरेकडे चालत निघाले तर वीसेक मिनिटांत तेथे पोहोचता येते. आपल्या नववीच्या मुलांना एकदा तिकडे घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे.