जंगलातली वाट कुणाची? यवतमाळ, सायकल आणि १९३० सालचं गवत

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, आपल्या यवतमाळात एवढं जंगल, एवढे डोंगर. मग माउंटन बायकिंगचे ट्रेल का नाहीत? एखादा बाइक पार्क का होत नाही?" प्रश्न साधा वाटला. दोन मिनिटांत उत्तर देऊ म्हटलं, आणि शोधत शोधत थेट १९३० सालात पोचलो. म्हणून आजचा एपिसोड यावरच.

आधी ही सायकल आली कुठून ते बघू. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरिन काउंटी नावाचा भाग आहे. तिथल्या डोंगरांत वणवा विझवायला गाड्या पोचाव्यात म्हणून कच्चे रस्ते काढलेले होते, त्यांना फायर रोड म्हणतात. १९७०च्या दशकात तिथल्या काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून शोधून काढल्या आणि या रस्त्यांवरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ला फेअरफॅक्स गावाजवळ पहिली शर्यत झाली. अंतर साधारण साडेतीन किलोमीटर, आणि तेवढ्यात चारशे मीटर खाली. या सायकलींना पायडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब खोलून पुन्हा ग्रीस भरा. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक. शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. १९७७मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली, आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचलासुद्धा. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिक!

पण त्याच डोंगरांत भांडणंही पेटली. पायी चालणारे आणि घोड्यावरून फिरणारे म्हणाले, हे अंगावर येतात. अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली, फायर रोडवर ताशी १५ मैलांची, म्हणजे साधारण २४ किलोमीटरची मर्यादा आली. १९८४मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या क्षेत्रांत सायकल बंद असल्याचं नियमात स्पष्टच लिहिलं. शेवटी १९८८मध्ये सायकलवाल्यांनी 'इम्बा' ही संघटना काढली. त्यांना एक गोष्ट कळली होती, वाट वापरायची असेल तर वाट राखायलाही लागते.

आता या आपल्या जिल्ह्यात. फायर रोडचा चुलतभाऊ आपल्याकडेही आहे, त्याला जाळरेषा म्हणतात. सागाची पानं उन्हाळ्यात गळून कुरकुरीत होतात, ठिणगी पडली की वणवा. म्हणून वनखातं उन्हाळ्याच्या आधी जंगलात लांबच लांब पट्टे साफ करून ठेवतं. गुगल मॅपच्या सॅटेलाइट व्ह्यूमध्ये अशा रेषा दिसल्या की तोंडाला पाणी सुटतं. अरे, हा तर रेडिमेड ट्रेल!

मलाही तसंच वाटलं होतं. एका हिवाळ्यात सायकल घेऊन मी शहराबाहेर एका पांदणीने निघालो. पांदण संपली, पुढे झुडपांतून पायवाट लागली. छान वळणं, छान उतार. मी मनात म्हटलं, शोधला बुवा नवा ट्रेल! तेवढ्यात गाईंमागून एक गायकी आले. म्हणाले, "काहून रे बाबू, इकडून कुठी चालला? ही वाट पाण्यावर जाते. अन् पाण्यावर कोण कोण येते, ते मालूम हाये न?"

मी सायकल वळवली. पण वाटेत डोक्यात हेच, की नवा ट्रेल कसला! ती वाट त्यांच्या गुरांनी पाडलेली. आणि गुरांची अक्कल बघा. गुरांची वाट डोंगरावर सरळ चढत नाही, उताराला आडवी जाते. आज ट्रेल बनवणारे हेच शिकवतात. वाटेचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पावसाचं पाणी त्याच वाटेने धावतं आणि दोन पावसाळ्यांत ट्रेलचा नाला होतो.

मग ही वाट नेमकी कुणाची? गुरांची, गायकीची, सरकारची? इथूनच इतिहास सुरू होतो.

१८५३मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जायचा, यवतमाळ हे नाव १९०५चं. रेल्वेला, इमारतींना लाकूड हवं होतं, आणि इथे साग उभा होता. जंगलं राखीव झाली. कोलाम, गोंड, बंजारा आणि गावोगावचे शेतकरी ज्या जंगलात रोज जायचे, तिथे चराई, गवत, सरपण यांना परवाना आणि पैसे लागू लागले.

१९३०मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. विदर्भाला समुद्र नाही, पण जंगल आहे. मग इथल्या लोकांनी गवत निवडलं. १० जुलै १९३०ला लोकनायक बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात गेले आणि परवान्याशिवाय गवत कापलं. अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी सत्याग्रह केला, त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रायगडमधल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, लोकांचे जीव गेले. गवतासाठी! आज लोहाऱ्यात एमआयडीसी आहे. तिथून गाडीने जाताना आपल्या मनातही येत नाही की इथे गवताची पेंढी कापणं हा गुन्हा होता.

आणि गंमत म्हणा की दुर्दैव, भारतीय वन कायदा आजही १९२७चाच आहे, दुरुस्त्यांसह. त्याच्या २६व्या कलमात राखीव जंगलात विनापरवानगी शिरणं हाच गुन्हा आहे. त्याआधीचं २५वं कलम तर खास वाटांबद्दल आहे. वन अधिकारी सरकारच्या मंजुरीने राखीव जंगलातली वाट बंद करू शकतो, मात्र त्याऐवजी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. म्हणजे वाट कुणाची हा प्रश्न इंग्रजांनाही पडला होता, फक्त उत्तर त्यांनी स्वतःकडे ठेवलं.

जंगलातला आणखी एक वाटसरू राहिलाच. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य १९९७चं, क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, २०१९च्या पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणातही डोकावून, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे अभयारण्याची हद्द संपली तिथे वाघाचं जंगल संपत नाही. वाघाला मोकळी, साफ वाटही आवडते, जाळरेषेवर तो आरामात चालतो. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८मध्ये, राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघीण, जिला आपण अवनी म्हणतो, मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले होते. गेलेली माणसं शेतावर, गुरांमागे निघालेली, त्यांच्या रोजच्या वाटेवरची. एकीकडे वाघीण आणि तिचे बछडे, दुसरीकडे ही घरं. या जखमेवरून सायकलची शर्यत न्यायची असेल, तर आधी थांबून विचारायला हवं.

विचारायचं कुणाला? आता उत्तर आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क दिले, म्हणजे जंगल वापरण्याचा, राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क. त्याच कायद्यात शाळा, अंगणवाडी, पाणी, रस्ता अशा तेरा कामांसाठी वनजमीन देण्याची सोपी वाट आहे, तीही ग्रामसभेच्या शिफारशीने. बाइक पार्क त्या यादीत नाही, आणि माझ्या मते नसलेलाच बरा.

मग श्रोते मित्रा, तुझं उत्तर. अभयारण्यात ट्रेल नको, तिथे १९७२चा वन्यजीव कायदा आहे आणि वाघाचं घर आहे. पण अभयारण्याबाहेर, गावाच्या पांदणींवर आणि सामूहिक वनहक्काच्या जंगलात, ग्रामसभा हो म्हणाली तर का नाही? वाटाड्या गावचा, पैसा गावात, वाटेची दुरुस्ती दोघांनी मिळून. पावसाळ्यात नाही, काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मार्च-एप्रिलच्या पहाटे नाही, तेव्हा बायाबापड्या मोहफुलं वेचायला वाकलेल्या असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, उजेड असेपर्यंत. आणि पाण्याकडे जाणारी वाट सोडून.

तसं बघितलं तर आपल्या जिल्ह्यातले खरे माउंटन बायकर आधीपासून आहेतच. पहाटे कॅन लटकवून येणारा दूधवाला, आणि मानव विकासच्या सायकलवर दगडगोट्यांतून शाळेला जाणाऱ्या मुली. त्यांना गिअर नाहीत, सस्पेन्शन नाही. पहिला ट्रेल आखायला बसाल तेव्हा त्यांना आणि त्या गायकीबाबांना बोलवा. वाट त्यांना माहीत आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सायकलमध्ये हवा भरून ठेवा.