शेवट ठाऊक नसलेली माणसं

निघण्याआधी एकच अट. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ते इथे उंबऱ्याशीच ठेवून या. एकवीस महिन्यांचा हिशेब, मार्च १९७७, रायबरेली, यातलं काहीही बरोबर घेऊ नका. आणीबाणी आपण शेवटाकडून वाचत आलो आहोत. शेवट बरा झाला हे ठाऊक असल्यामुळे मधल्या माणसांचं धाडस आपल्याला सोपं वाटतं, जणू थोडा दम धरला की झालं. त्यांच्यापाशी तो शेवट नव्हता. तुमच्यापाशीही नसू दे.

२६ जून १९७५, गुरुवार. तुम्ही पुण्यात आहात. सदाशिव पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात मुद्रितं तपासता. दोन खोल्या, एक ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या केसेस, आणि शाई, रॉकेल, ओलसर कागद यांचा मिळून एक वास. आठवड्याला एक बारीकसं साप्ताहिक निघतं, एरवी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. रेडिओवर पंतप्रधान बोलतायत. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. जुळारीकाकांचा हात एरवी केसकडे न बघता नेमक्या खणात जातो. आज तो मध्येच थांबतो. मग पुन्हा चालू लागतो.

दिल्लीत रात्री वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली, जयप्रकाशांना पहाटे पकडलं, हे तुम्हाला दुपारपर्यंत कुणीतरी हळू आवाजात सांगतं. दोन दिवसांनी मुंबईच्या टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत एक निधनवार्ता येते. मृत व्यक्ती डी. ई. एम. ओक्रसी, पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी. ती नावं सलग वाचल्यावर तुमच्या अंगावर काटा येतो. जाहिरात घेणाऱ्या कारकुनाला ती कळली नसेल, की कळूनही त्याने पैसे घेऊन पावती फाडली असेल, याचा तुम्ही दिवसभर विचार करत राहता.

पहिला लेख सेन्सॉरच्या कचेरीतून परत येतो तेव्हा गॅलीप्रूफावर पाच परिच्छेद आडवे कापलेले असतात. संपादक म्हणतात, जागा कोरी सोडू. कोरी जागा एकदा जाते. मग हुकूम येतो की कोरी जागा सोडायची नाही, कारण ती वाचता येते. अग्रलेखाच्या जागी थोरांची वचनं टाकायची नाहीत, गांधीजींची नाहीत, रवींद्रनाथांचीही नाहीत. तुम्ही हे दोनदा वाचता. गांधीजींच्या देशात गांधीजींचं वाक्य संशयित झालेलं असतं.

जुळारीकाका कापलेला मजकूर सोडवायला बसतात. गॅलीचा दोरा सुटतो, ओळी मोकळ्या होतात, आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत जातो. ‘स्वातंत्र्य’ जुळवायला वेळ लागतो, जोडाक्षराचे खिळे मोजकेच असतात, केसच्या कोपऱ्यात पडलेले. मोडायला मात्र क्षण पुरतो. टक्, टक्, टक्. ज्या लेखासाठी कुणी रात्र जागवली तो अर्ध्या तासात पुन्हा नुसती मुळाक्षरं होतो. उद्या त्याच खिळ्यांतून कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका निघेल.

ऑक्टोबर येतो. आता एक गोष्ट घडते आणि ती तुम्ही कुणाला सांगत नाही. एका लेखात ‘दडपशाही’ हा शब्द असतो. प्रूफ अजून सेन्सॉरकडे गेलेलंही नाही. तुमचं पेन त्या शब्दावर जातं, तुम्ही तो खोडता आणि समासात ‘कडक धोरण’ लिहिता. कुणी सांगितलेलं नाही. जुळारीकाका ती दुरुस्ती बघतात, तुमच्याकडे बघतात, आणि निमूट खिळे बदलतात. हुकूमशाही म्हणजे फाटकापाशी उभा असलेला पोलीस, असं आपण समजतो. त्या संध्याकाळी ती तुमच्याच हातात लाल शाईचं पेन होऊन बसलेली असते.

घरी मेव्हणे आलेले असतात. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत बाबू जागेवर सापडतात, संप नाहीत. ‘बातें कम, काम ज्यादा’ असे फलक चौकाचौकात लागले आहेत, आणि पवनारहून आलेले विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकार अभिमानाने मिरवतंय. मेव्हणे वाईट माणूस नाहीत. ते खरंच सुखावलेले आहेत. तुम्ही वरणभात कालवता आणि वाद घालत नाही.

शेजारचे मास्तर मात्र येरवड्याला आहेत. मिसाखाली. का, ते सांगायची सरकारला गरज उरलेली नाही; कायदाच तसा बदलून घेतला आहे. मास्तरीणबाई भेटीच्या दिवशी फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहतात, पिशवीत डबा, हाताशी सहा वर्षांची मुलगी. एकदा तुम्ही सोबत जाता. मुलगी विचारते, “बाबांना किती वर्षांची शिक्षा झालीय?” चोरीची शिक्षा असती तर तिला आकडा सांगता आला असता. इथे आकडाच नाही. आई तिची वेणी पुन्हा घालायला घेते.

डिसेंबर. एसटीने कऱ्हाड. कृष्णा-कोयनेच्या काठी थंडी आहे, उसाचे दिवस आहेत. मराठी साहित्य संमेलनाचा मांडव माणसांनी फुललाय. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, याच सरकारचे परराष्ट्रमंत्री आणि याच मातीतला माणूस. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत. पासष्ट वर्षांच्या, ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या, आयुष्य ग्रंथालयात आणि लोककथांत घालवलेल्या. त्यांच्यामागे पक्ष नाही, संघटना नाही. मांडवात रसिक कोण आणि साध्या वेशातला पोलीस कोण, हे ओळखायची सोय नाही.

जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात आहेत. कैदेतून नुकतेच सुटलेले, मूत्रपिंडं निकामी झालेली. गेले पाच महिने हे नाव चारचौघांत उच्चारताना माणूस आधी मागे वळून बघतो. दुर्गाबाई ते व्यासपीठावरून, ध्वनिक्षेपकावर, यशवंतरावांच्या देखत उच्चारतात आणि सांगतात, त्यांच्या प्रकृतीसाठी आपण सगळे उभे राहून प्रार्थना करू या.

इथे थांबा. हा क्षण इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपतो, पण तुम्ही त्यात बसलेले आहात. उजवीकडे एक सरकारी शाळेतले शिक्षक आहेत, मघाशी त्यांनी तुम्हाला शेंगदाणे दिले होते. डावीकडे एक अनोळखी गृहस्थ, घडी न मोडलेल्या सदऱ्यात. तुमच्या पोटात गोळा येतो. नोकरी, घरचं भाडं, येरवड्याचं फाटक, मास्तरांची मुलगी, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे येतं. आधी शेजारचा उठतो का ते तुम्ही बघता. तोही तुमच्याकडेच बघत असतो. हजारो माणसं एकमेकांकडे बघतायत. पाच महिन्यांची सगळी भीती याच एका बघण्यावर उभी आहे.

मग समोर हालचाल होते. शिक्षक उठतात. तुम्ही कधी उठलात ते तुम्हाला कळत नाही. गुडघे आधी उठतात. यशवंतरावही उभे असतात. त्यांच्या उभं राहण्याचे अर्थ लोक आपापल्या परीने लावतील, पण ते उभे असतात. मांडवात इतकी शांतता आहे की कापडाचा फडफडाट ऐकू येतो. खोडलेल्या मजकुराची शांतता तुम्ही पाच महिने ऐकली आहे. ही वेगळी आहे. ही सगळ्यांनी मिळून केलेली आहे.

दुर्गाबाईंना पुढच्या वर्षी मुंबईत एशियाटिक लायब्ररीतून पोलीस घेऊन जातात. पुस्तकं मागवून वाचत बसणाऱ्या एका बाईची राज्यसत्तेला एवढी धास्ती वाटावी, हे मला आजही सोसत नाही.

दिल्ली. सर्वोच्च न्यायालय, तोच हिवाळा. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं की आणीबाणी असली तरी बेकायदा पकडलेल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येतं. त्यांत आपलं नागपूर खंडपीठही होतं. सरकार त्याविरुद्ध इथे आलंय. कैद्यांच्या बाजूच्या वकिलांत सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे बसलेत, एकेकाळचे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पाच न्यायाधीश समोर. त्यांतले हंसराज खन्ना महान्यायवादी निरेन डे यांना एक साधा प्रश्न विचारतात: घटनेच्या एकविसाव्या कलमात स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी माणूस मारला तर दाद मागायची की नाही? डे उत्तर देतात की तुमच्या-माझ्या विवेकाला धक्का बसेल, पण आणीबाणी असेपर्यंत कोर्टाकडे इलाज नाही.

तुम्ही बाकीच्या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघता. कुणीतरी पुढे झुकेल, काही विचारेल, असं वाटतं. त्यांत यशवंत विष्णू चंद्रचूड आहेत, पुण्यात वाढलेले, तुमच्याच भाषेत विचार करणारे. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागतो. चार विरुद्ध एक. चंद्रचूड चारांत आहेत. मराठी माणूस म्हणून ती नोंद वाचताना मान खाली जाते, आणि जावी.

एक खन्ना. निकालाआधी ते हरिद्वारला गंगेकाठी बहिणीला सांगून आलेले असतात की या निकालपत्राने आपलं सरन्यायाधीशपद जाणार. जानेवारी १९७७ मध्ये ते जातं. ज्येष्ठता डावलून बेग यांना नेमतात, खन्ना राजीनामा देतात. त्या दिवशी त्यांच्या हातात काय असतं? एक हरलेलं निकालपत्र, चारांपुढे एकट्याचं. इथे मी माझीच अट क्षणभर मोडते, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताचा तो निकाल चूक ठरवला, आणि तसं लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचा मुलगा होता. पण एकेचाळीस वर्षं लागली. खन्ना २००८ मध्येच वारले होते.

परत १९७६. महाराष्ट्र विधिमंडळ सक्तीच्या नसबंदीचा कायदा मंजूर करतं. होय, आपलंच, फुले-आंबेडकरांचं नाव घेणारं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही, पण सभागृहात हात वर झाले होते. गावोगावच्या शिक्षकांच्या माथी शस्त्रक्रियांचे कोटे मारले जातात. कऱ्हाडला तुमच्या शेजारी उभे राहिलेले ते शिक्षक आता कुणाच्या दारात उभे असतील?

जानेवारी १९७७. निवडणूक जाहीर होते, सेन्सॉर सैल होतो. मास्तर सुटून येतात, दाढी पांढरी झालेली. मुलगी त्यांच्यापासून दोन पावलं लांब उभी राहते. पु. ल. देशपांडे प्रचारसभांत बोलू लागतात, गर्दी मावत नाही. मुंबईत मृणाल गोरे उभ्या आहेत, पाण्यासाठी हंडे घेऊन मोर्चे काढणाऱ्या, तुरुंगातून आलेल्या. तरीही कुणाचा भरवसा नाही. लोक सभेला येतात, ऐकतात, टाळ्या वाजवतात, पण मत कुणाला ते सांगत नाहीत. सांगायची सवयच मोडली आहे. मतदानाच्या दिवशी तुम्ही रांगेत असता. पुढच्या म्हातारीचा शिक्का उमटल्यावर ती कागदावर फुंकर घालते, शाई वाळवते, घडी घालते, पेटीत टाकते आणि कुणाकडेही न बघता घरी जाते.

२० मार्चची रात्र. छापखान्यात कंदिलासारखा एकच दिवा. रेडिओ निकाल सांगतो, कुठल्या कुठल्या गावांचा. रायबरेली मात्र येत नाही. मृणालताई निवडून आल्या आहेत. मुंबईत ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ अशा घोषणा सुरू आहेत, असं फोनवर कळतं. जुळारीकाका मोठ्या टाइपात मथळा जुळवून बसलेत. पण गॅलीला दोरा बांधत नाहीत. दोन वर्षांत त्यांनी इतकं जुळवून मोडलंय की हाताचा विश्वास उरलेला नाही.

मध्यरात्र उलटून जाते तेव्हा बातमी पक्की होते. राजनारायण पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी विजयी, पंतप्रधान पराभूत. पहाटे आणीबाणी उठते.

तुमच्या हातात प्रूफ येतं. खाली अग्रलेखात एक शब्द आहे, ऑक्टोबर १९७५ मध्ये तुम्ही खोडलेला तोच. दडपशाही. तुमचं पेन सवयीने त्यावर जातं आणि थांबतं.

“राहू दे ना?” काका विचारतात.

तुम्ही मान हलवता. ते दोरा घेतात, गॅलीभोवती दोनदा फिरवतात आणि गाठ मारतात.