राखणीची बंदूक

२०२४ च्या ऑक्टोबरात भात कापणीला आलं आणि त्याच आठवड्यात विधानसभेची आचारसंहिता लागली. बंदूक जमा करा, असा निरोप आला. वडिलांनंतर माझ्या नावावर झालेली ही ठासणीची बंदूक, परवाना शेतीसंरक्षणाचा. नळीतून दारू ओतायची, गजाने ठासायची, केप बसवायची आणि मांगराच्या दारातून आभाळात बार काढायचा. रानडुकरांचा कळप तेवढ्याने उधळतो. ती गोणपाटात गुंडाळून मी ठाण्यात दिली. पुढच्या रात्री पत्र्याचा डबा बडवत काढल्या.

‘जमा करा’ हा हुकूम जुना आहे. १८५७ चा उठाव पेटल्यावर कंपनी सरकारने हत्यारं गोळा करायला घेतली. घोरपड्यांच्या तेव्हाच्या मुधोळ संस्थानात हलगली नावाचं गाव होतं. तिथल्या बेरडांचं पोट शिकारीवर आणि इभ्रत हत्यारावर. त्यांनी ती देणार नाही म्हणून सांगितलं. नोव्हेंबरअखेर फौज आली, घरं जाळली, म्होरक्यांना फाशी दिलं.

त्याच काळात दक्षिणेला कोडगूत उलटं घडलं. तिथले कोडव लोक उठावात सामील झाले नाहीत, म्हणून १८६१ मध्ये कमिशनर मार्क कबनने त्यांना हत्यारबंदीतून वगळलं. ती सूट आजही चालू आहे. तिथे मुलगा जन्मला की एक बार काढतात, माणूस गेलं की दोन. कैलपोळ्दच्या सणाला बंदुकीला फुलं वाहतात. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि हलगली आठवली की त्या हेव्याचीच लाज वाटते. हत्यार कोणाच्या घरी राहणार हे गरजेवर नाही, इमानावर ठरलं होतं.

गंमत नव्हे, अन्यायच म्हणतो मी: १८६० च्या दंडसंहितेने जीव आणि मालमत्ता राखण्यासाठी बळ वापरायचा हक्क रयतेला दिला. अठरा वर्षांनी लॉर्ड लिटनच्या शस्त्रकायद्याने त्या हक्काचं साधन परवान्यात अडकवलं. युरोपियनांना मात्र परवाना नको. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला गेला.

तो राज्यघटनेत यावा म्हणून १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामतांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारांनाही द्यावा लागेल, हा त्यांचा मुद्दा होता. फाळणीला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. त्यांचं म्हणणं मला पटतं. हक्क सरसकट नसावा. पण नंतरच्या १९५९ च्या कायद्याने पीक राखायच्या ठासणीच्या बंदुकीला परवाना द्यावा असं वेगळं म्हटलं, तरी माझी राखणीची बंदूक आचारसंहितेत जमा करावी लागली, हे पटत नाही. डुकराला खरोखर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. ती मी कधी मागितलेली नाही. मला फक्त आवाज हवा असतो.

निकाल लागल्यावर बंदूक परत मिळाली. तोवर खाचरात उरलं होतं ते पेंढ्यासकट तुडवलेलं. नळीला आतून तांबूस गंज धरला होता. गजाला चिंधी गुंडाळून, खोबरेलात बुडवून संध्याकाळभर घासत बसलो.