खेळाचे खरेदीखत

१९७२ साली कॅलिफोर्नियातील सनीव्हेल या गावी, अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या मद्यालयात, अटारी या नुकत्याच स्थापन झालेल्या कंपनीने 'पाँग' या खेळाचे पहिले यंत्र चाचणीसाठी मांडले. आणि ते थोड्याच दिवसांत बंद पडल्याची तक्रार आली म्हणून त्याचा निर्माता ॲलन अल्कॉर्न पाहणीस गेला, तेव्हा त्यास आढळले की बिघाड यंत्रात नव्हता, तर नाणी साठवण्याचे भांडे काठोकाठ भरल्यामुळे पुढील नाण्याला आत जागाच उरली नव्हती. ही हकीकत नव्या उद्योगाच्या यशाची नांदी म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात त्या उद्योगाचा पहिला करारनामा दिसतो. नाणे टाकणारा मनुष्य खेळाचा मालक होत नसे, एका डावापुरता तो कूळ असे. परंतु शर्त उघड होती, मुदत ठाऊक होती, आणि डाव संपताच उभय पक्षांचा हिशेब बेबाक होत असे. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० चा 'पॅक-मॅन' याच शर्तीवर जगभर पसरले, आणि आमच्या शहरांतल्या व्हिडिओ गेम पार्लरांत नव्वदीच्या दशकातही तीच शर्त चालू होती. रुपयाचे नाणे मुठीत धरून, पुढच्या मुलाचा डाव केव्हा आटोपतो याची वाट पाहत जे तासन्‌तास तिष्ठत उभे राहिले आहेत, त्यांपैकी मी एक आहे.

कुळाचा मालक झाला तो घरगुती यंत्रांमुळे. १९८३ साली अमेरिकेतील हा धंदा निकृष्ट मालाच्या अतिरेकाने कोसळला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत जपानमध्ये निंटेंडोने 'फॅमिकॉम' बाजारात आणले. त्या यंत्रासाठी १९८५ साली निघालेला 'सुपर मारियो ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला होता. आजचे एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा व्यापते. एवढ्या संकुचित जागेत रचलेला तो खेळ कारखान्यातून बाहेर पडला की त्यावर निर्मात्याचा काही इलाज उरत नसे. राहिलेली चूक कायमची राहत असे. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात भिंतीतून विशिष्ट रीतीने घुसले असता खेळाडू एका अशा पाण्याखालच्या प्रदेशात जाऊन पोहोचतो, की ज्याला अंतच नाही. ही निर्मात्यांच्या नजरेतून सुटलेली त्रुटी पुढे दंतकथा बनली आणि त्या कॅसेटींत आजतागायत तशीच आहे. वस्तू पुरी करूनच हातावेगळी करावी लागे, या सक्तीतून त्या काळच्या कारागिरीला जी शिस्त लागली, तिचे मोल मला आता अधिक जाणवते.

आमच्याकडे ही यंत्रे बहुतांशी नकलेच्या रूपाने आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणाच्या तरी काकांनी आणलेले ते यंत्र टीव्हीला जोडावयाचे, चित्र उमटले नाही तर कॅसेट काढून तिच्या तोंडाशी फुंकर घालावयाची, आणि वर '९९९९९९ इन १' असे छापलेल्या कॅसेटीत पाच-दहाच खेळ पुनःपुन्हा फिरून येतात हे उमगल्यावरही तेच खेळ नव्या उमेदीने खेळावयाचे, असा तो क्रम होता. या नकलांचा मोबदला मूळ निर्मात्यांना मिळत नव्हता, हा त्या व्यवहारातला अन्याय मी नाकारीत नाही. तथापि स्वामित्व म्हणजे काय, याचे शिक्षण आमच्या पिढीला तिथेच मिळाले. कॅसेट मित्राला उसनी देता येई, दुकानात थोडे पैसे भरून बदलून आणता येई, विकता येई. आणि 'काँट्रा' दोघांनी मिळून खेळावयाचा असेल तर कॅसेट एकाचीच असली तरी पुरत असे. तिची वहिवाट ज्याच्या हाती, त्याचीच ती.

या वहिवाटीला पहिला धक्का लागला तो सोयीच्या रूपाने. २००३ साली व्हॉल्व कंपनीने 'स्टीम' ही सेवा सुरू केली, आणि पुढल्या वर्षी 'हाफ-लाइफ २' ची तबकडी रोख पैसे देऊन विकत घेणाऱ्यालाही इंटरनेटवर त्या सेवेच्या दप्तरात आपले नाव नोंदविल्यावाचून खेळ उघडता येईना. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला स्वतंत्र विकावयास काढले गेले, तेव्हा खेळाडूंनी केलेला गिल्ला अनेकांना अतिरेकी वाटला होता. २०१७ साली 'बॅटलफ्रंट २' मध्ये बंद पेट्यांची सोडत थेट खेळातील सामर्थ्याशी निगडित झाली, आणि पुढल्याच वर्षी बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्या बेकायदा ठरविल्या. पार्लरातले नाणे अशा रीतीने परत आले. फरक एवढाच की आता खेळ विकत घेतल्यानंतरही तगादा सुरूच राहतो.

आजचे खेळ हीन आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने वर्षानुवर्षे खपून २०१६ साली पुरा केलेला 'स्टारड्यू व्हॅली', किंवा २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३', यांच्या तोडीचे माझ्या बालपणी फार थोडे होते. दुरुस्तीची नवी सोयही वरदान ठरू शकते. 'नो मॅन्स स्काय' हा खेळ २०१६ साली अपुरा म्हणून निंदिला गेला आणि निर्मात्यांनी पुढे कित्येक वर्षे, अधिक दाम न घेता, तो समृद्ध करीत नेला. माझी तक्रार कलेविषयी नाही, दस्तऐवजाविषयी आहे.

युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली निघाला. संक्षिप्त रूपात उभी केलेली अखंड अमेरिका त्यात पालथी घालता येत असे. मात्र एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी संबंध अखंड असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले, खेळ निरुपयोगी झाला, आणि ज्यांनी पुरे दाम मोजले होते त्यांचे परवानेही त्यानंतर काढून घेण्यात आले. बेदखल झालेल्या कुळाला निदान कज्जा लढण्यास कचेरी असते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की, विक्रेत्याने ग्राहकाला परवानाच देऊ केला असेल तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'खरेदी' हा शब्द वापरता येणार नाही. आणि युरोपात खेळ मारू नका अशी मागणी करणाऱ्या अर्जाने २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

अर्जदारांचे मागणे माफक आहे: सेवा थांबवावयाची तर थांबवा, पण खेळ खेळता येईल अशा अवस्थेत आमच्या हाती सोडून जा. याला दाखलाही जुनाच आहे. १९९३ साली आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' चा पहिला भाग कोणीही कोणालाही द्यावा अशा मुभेने सोडला, आणि १९९७ साली त्या खेळाची मूळ आज्ञावलीच जाहीर केली. त्यामुळे ज्या संगणकांची तेव्हा कल्पनाही नव्हती त्यांवर लोकांनी तो स्वतःच्या हातांनी चढविला. माझ्या संगणकावर तो आहे. काल रात्री जेवणे झाल्यावर मी त्याचा पहिला भाग पुन्हा एकदा शेवटापर्यंत नेला, आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी घ्यावी लागली नाही.